खिरीतली खपली, सॅलडमधली खपली



हल्ली आमच्या कोथरूडमधल्या मोठ्या किराणा दुकानांत एक नवीन फळी दिसते. किन्वा, बल्गर, फारो अशी नावे, छान कागदी पुड्या आणि मागे सॅलडची कृती छापलेली. यातला फारो हा इटलीत खाल्ला जाणारा सालीसकटचा गहू. त्याची माहिती वाचायला घेतली की थोड्याच वेळात एक ओळखीचे नाव समोर येते. इटलीत टरफलाच्या दोन-तीन जुन्या गव्हांना मिळून फारो म्हणतात, पण त्यातला मुख्य गहू म्हणजे एमर. आणि एमर म्हणजे आपली खपली! सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या घरांत जिची खीर होते, तीच.

म्हणजे मुली-सुना ज्याला परदेशी सॅलड म्हणतात, त्याचा दाणा आपल्या आजीच्या कणगीत होता. आज या दाण्याचा इतिहास लिहिते आहे. तो घरातून का गेला, पूर्ण का गेला नाही आणि आता आपल्या नियमांत बसवून त्याचे ताजे सॅलड कसे करायचे, हे सगळे ओघाने येईलच.

दाणा आला कुठून

खपली हा माणसाने पेरायला घेतलेल्या अगदी पहिल्या गव्हांपैकी एक. आजच्या तुर्कस्तान, सीरिया या भागात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्याची शेती सुरू झाली. बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या उत्खननात जवाबरोबर हा गहूही सापडला आहे. ती वस्ती नऊ हजार वर्षांपूर्वीची.

आपल्या पुण्याजवळचे उदाहरण म्हणजे शिरूर तालुक्यातले इनामगाव. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. तिथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते. त्यांचे मुख्य धान्य जव होते, जोडीला थोडा गहू आणि कडधान्ये. धान्य साठवायची जागा सापडली, पाण्याचा पाटही सापडला. पुढे हवा कोरडी होत गेली, तसा गहू मागे पडला. गव्हाला पाणी लागते आणि पाणी नसेल तर घरातले जेवण बदलते, हे पुणे जिल्ह्याला साडेतीन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

रोमन लोक या धान्याला फार म्हणत. त्यांच्या जुन्या लग्नविधीत नवरा-नवरी या गव्हाची भाकर वाटून खात आणि त्या विधीचे नावच या धान्यावरून पडले होते. आपल्याकडे लग्नात घाणा भरतात, मुसळाला आंब्याची पाने बांधून पाच सुवासिनी धान्य कांडतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नवा संसार धान्यापासून सुरू होतो, हे दोन्हीकडच्या बायकांना सांगावे लागले नसणार.

नावातच टरफल

साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचे तसे नाही. मळल्यावरही तिचे टरफल दाण्याला घट्ट चिकटून राहते. जखमेवर धरते ती खपली आणि ही खपली, नाव एकाच कारणाने पडले असावे असे मला वाटते. टरफलामुळे दाण्याला कीड कमी लागते आणि तो पुष्कळ दिवस टिकतो. पण ते काढणार कोण?

काढायच्या बायका. दाण्याला पाण्याचा हात लावायचा, उखळात घालायचा, मुसळाने सडायचा, सुपाने पाखडायचा आणि परत उखळात घालायचा. माझ्या सासूबाई सांगत की घरात कार्य ठरले की चार दिवस आधीपासून खपली सडायला बसावे लागे. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकत. रात्री हात वर होत नसत. पंगतीत खिरीची तारीफ व्हायची ती यजमानांची. सडणाऱ्या बायका सगळ्यांत शेवटी जेवायला बसत आणि तोवर खीर तळाला गेलेली असे.

हे मुद्दाम लिहिते आहे. जुने धान्य किती चांगले होते आणि आपणच ते सोडले, असे हल्ली फार बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी मुसळ उचलले आहे? टरफल न चिकटणारा गहू आला तेव्हा बायकांनी तो आनंदाने घेतला. त्यात चूक काहीच नव्हते.

खपली जगभर फिरून आली

आता एक गोष्ट सांगते. ती मला कळली तेव्हा फार नवल वाटले.

गव्हाचा मोठा शत्रू तांबेरा. एका वर्षात उभे पीक खाऊन टाकणारा हा रोग. त्याचे अनेक प्रकार असतात आणि शेतात आलेला तांबेरा कोणत्या प्रकारचा हे ओळखणे अवघड असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी युक्ती काढली. बारा निवडक गहू लावायचे, त्यांच्यावर तो रोग सोडायचा आणि कोणता गहू आजारी पडतो, कोणता तगतो ते बघून रोगाचा प्रकार ठरवायचा. ही पद्धत १९२२ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. त्या बारा गव्हांतल्या एकाचे नाव होते खपली. आपला मराठी शब्द, जसाच्या तसा!

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वॉटरहाऊस यांनी तिकडच्या स्टाइनवेडेल गव्हाशी खपलीचा संकर केला आणि त्या नव्या गव्हाचे नाव ठेवले खपस्टीन. खपलीतून पुढच्या गव्हांत आलेल्या तांबेरारोधक जनुकांपैकी एकाला शास्त्रज्ञ एसआर १३ म्हणतात. १९९९च्या सुमारास युगांडात तांबेऱ्याचा एक भयंकर नवा प्रकार सापडला आणि साऱ्या जगाच्या गव्हाला धोका झाला. त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या मोजक्या जनुकांत हा एक आहे.

आता गंमत बघा. या स्टॅकमन यांचे विद्यार्थी म्हणजे नॉर्मन बोरलॉग. त्यांनी मेक्सिकोत बुटका, भरघोस गहू तयार केला. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून लेर्मा रोहो या जातीचे १८,००० टन बियाणे आणले. मागून कल्याणसोना, सोनालिका आले. बोरलॉग यांना १९७० साली शांततेचे नोबेल मिळाले. म्हणजे गुरूच्या प्रयोगशाळेत जी खपली मानाने बसली होती, तिला आपल्या शेतांतून मागे सारले ते शिष्याच्या गव्हाने.

तरी त्या नव्या गव्हाला नावे ठेवणे बरोबर नाही. १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. रेशनवर लाल मिलो मिळायचा, कामावरच्या लोकांना सुकडी वाटली जायची. त्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला गव्हाला टरफल आहे की नाही याचे काय? पोट भरले ते नव्या बियाण्याने. पुढे गुजरातेत सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेने लोक-१ ही जात काढली. तोच आपल्या पोळीचा लोकवन. एकचे इंग्रजीतले वन, इतके सोपे आहे ते!

मग ती संपली का नाही?

आज देशात पिकणाऱ्या गव्हात सुमारे ९५ टक्के साधा गहू, ४ टक्के बक्षी गव्हासारखे कडक गहू आणि जेमतेम १ टक्का खपली. ती उरली कुठे? कृष्णाकाठी सांगली, सातारा, कोल्हापुरात, सीमेपलीकडे बेळगाव-धारवाडकडे, गुजरातच्या काही भागांत आणि तमिळनाडूत. कानडी मुलखात तिला सदक किंवा जवे गोधी म्हणतात, तमिळमध्ये सांबा.

तांबेरा सोसते आणि उष्ण हवेत तग धरते, हे एक कारण. दुसरे कारण चुलीजवळचे आहे. खिरीला, हुग्गीला, शेवयांना दुसरा गहू चालत नाही असे तिकडच्या बायकांनी ठरवून टाकले होते. लोकवनची खीर गिच्च होते. खपलीचा दाणा शिजून फुलतो, पण वेगळा राहतो. त्यामुळे शेतकरी विकायला संकरित गहू लावत असले, तरी घरच्या खिरीपुरती चार सरी खपली बांधाकडेला पेरत राहिले. शिरोळ, हातकणंगले, मिरज, चिकोडी या भागांतली आपली बरीचशी घरे शेतकरी. लग्न, बारसे, मंदिरातला पूजा-महोत्सव, काहीही असो, पंगतीला खीर हवीच.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे बियाणे नुसत्या पोथीत किंवा शीतगृहात टिकले नाही. ते पानात वाढले जात होते म्हणून टिकले. पुण्यात आमच्या घरापासून जवळच आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली ती उभी केली. त्या संस्थेने खपलीची एमएसीएस २९७१ ही कमी उंचीची जात काढली. जुनी खपली उंच वाढून आडवी पडायची, ही सहसा पडत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठानेही खपलीच्या जाती दिल्या आहेत. पण खाणाऱ्या घरांनी धान्य सोडून दिले असते, तर शास्त्रज्ञांनी ते सुधारले असते कोणासाठी?

टरफल आता यंत्राने निघते. ज्या कष्टांमुळे खपली घरातून गेली, ते कष्ट उरले नाहीत. म्हणून ती आता परत आणायला हरकत नाही. मुसळ तेवढे लग्नातच राहू द्या.

आपल्या नियमांत सॅलड

सूनबाई एकदा म्हणाल्या, "आई, पाककृतीतले कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, मोड आलेले मूग, मध आणि व्हिनेगर काढले तर सॅलडमध्ये उरतं काय?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही नीट द्यायला हवे.

उरते ते पुष्कळ आहे. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर, पुदिना, ओले खोबरे, डाळिंब, लिंबू. मधाच्या जागी गूळ, व्हिनेगरच्या जागी लिंबू किंवा आमसूल. परदेशात या सॅलडवर सुमाक नावाची आंबट लाल पूड घालतात, ते काम आपले आमसूल उत्तम करते. मोड आलेले धान्य आपल्यातल्या अनेक घरांत चालत नाही, पण अख्खा गहू शिजवला की मोडाचा प्रश्नच येत नाही.

आणि द्विदलाचा नियम आठवा. कच्च्या दह्या-ताकाबरोबर डाळी-कडधान्ये नकोत. म्हणून मुगाच्या डाळीच्या कोशिंबिरीत आपण लिंबू पिळतो, दही घालत नाही. गहू मात्र एकदल. खपलीच्या सॅलडला दही चालते. फक्त फोडणीत सवयीने उडदाची डाळ किंवा मेथीदाणे पडत नाहीत ना, ते बघायचे. शेंगदाण्याबद्दल घराघरांत वेगळे मत आहे. दही घालणार असाल तर मी तीळ सुचवेन, म्हणजे वादच नको.

काय खावे आणि कसे करावे हे लिहून ठेवायची आपली परंपराही जुनी आहे. चालुक्यांच्या काळात, १०२५च्या सुमारास, चावुंडराय दुसरा या लेखकाने कानडीत ‘लोकोपकार’ लिहिले. त्यात पाणी शोधण्यापासून झाडांच्या निगेपर्यंत आणि स्वयंपाकापर्यंत सगळे आहे. (गोम्मटेश्वराची मूर्ती घडवणारे चावुंडराय वेगळे, ते याच्या आधीचे.) पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसरा मंगरस या जैन कवीने कानडी पद्यात ‘सूपशास्त्र’ रचले, निव्वळ शाकाहारी पाककृतींचे. नियम पाळून चवीचे खायचे ही काही आज आपल्यावर आलेली अडचण नाही. तिच्यावर पुस्तके झाली आहेत.

कृती

चौघांसाठी एक वाटी सडलेली अख्खी खपली घ्यावी. दुकानात विचारून घ्या. काही ठिकाणी दाणा पांढरा होईपर्यंत सडलेला असतो, तो खिरीला चांगला. सॅलडला तांबूस, कोंडा राहिलेला दाणा हवा.

१. दाणे निवडून, धुऊन सकाळी गाळलेल्या कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवावेत. रात्रभर ठेवायची गरज नाही.

२. तीन वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या द्याव्यात, मग दहा मिनिटे मंद आच. दाणा दाताखाली लागला पाहिजे. खिरीला आपण याच्या पुढे शिजवतो, इथे अलीकडे थांबायचे.

३. चाळणीवर उपसून परातीत पसरावे. खालचे पाणी टाकू नका, कणकेत घाला.

४. दाणे गार झाले की एक मोठी काकडी, एक टोमॅटो आणि अर्धी ढोबळी मिरची बारीक चिरून घालावी. चिरलेली कोथिंबीर एक वाटी भरून, पुदिना अर्धी वाटी. पालेभाजी नीट निवडून, दोनदा धुऊन, कोरडी करूनच चिरायची. कोथिंबीर शोभेपुरती नाही, भाजीइतकी घालायची. लेबनॉनकडच्या तबुले नावाच्या सॅलडमध्ये तर गहू कमी आणि पालाच जास्त असतो.

५. दोन चमचे ओले खोबरे, एक लिंबू, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, गुळाची चिमूट.

६. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी. वरून भाजलेले तीळ.

दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि खावे. त्या पुड्यांवर लिहिलेले असते की शिजवलेले धान्य चार दिवस फ्रिजमध्ये ठेवा. आपण तसे करत नाही. त्या दिवसाचे त्या दिवशी, सूर्यास्ताआधी संपेल एवढेच करायचे.

चातुर्मासात पालेभाजी सोडली असेल तर कोथिंबीर-पुदिना वगळून काकडी आणि खोबरे वाढवा. हिरवे वर्ज्य असलेल्या तिथीला खपली, सुके खोबरे, तीळ, बेदाणे आणि आमसुलाचे पाणी. हा प्रकार मला तर जास्तच आवडतो.

थोडा हिशेब

बी.कॉम.ची सवय जात नाही. आमच्याकडे खपली सव्वाशे रुपये किलोने येते, लोकवनच्या दुपटीपेक्षा जास्त. पण एका वाटीत साधारण दीडशे ग्रॅम बसते. म्हणजे चौघांच्या सॅलडला धान्य झाले एकोणीस रुपयांचे. फारोच्या परदेशी पुडीत एवढ्याला किती पडते ते पुडीवर बघा आणि मग ठरवा. खपलीचे पीक एकरी कमी निघते आणि टरफल काढायचा खर्च वेगळा, म्हणून ती महाग. रोजच्या पोळीला सगळ्यांना परवडेल असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोनदा सॅलड किंवा सणाची खीर, एवढे बहुतेक घरांना जमेल.

आणखी एक. खपली मधुमेहावरचे औषध म्हणून विकली जाते. सालीसकट दाणा सावकाश पचतो, तंतू भरपूर असतो, हे खरे. पण तीही गहूच आहे, ग्लूटेन तिच्यातही असते. ज्यांना गहूच वर्ज्य आहे त्यांनी खाऊ नये आणि गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नये.

जमल्यास आठवडे बाजारात थेट शेतकऱ्याकडून घ्या. तिकडचा शेतकरी चार सरींच्या जागी अर्धा एकर पेरेल तो आपण मागितली तरच. आधी खिरीसाठी मागत होतो, आता सॅलडसाठीही मागू.

तुमच्या माहेरी या गव्हाला काय म्हणत, आणि खिरीशिवाय त्याचे आणखी काय करत, ते मला जरूर कळवा. विशेषतः निपाणी-चिकोडीकडच्या मैत्रिणींनी. ऐंशीच्या पुढच्या आज्या घरात असतील तर आजच विचारून घ्या. दाणा किती सडायचा, हे त्यांच्या हाताला माहीत आहे.

जय जिनेंद्र.